रणांगणावरचा पाव तास

सन १७९२ च्या शरद ऋतूत फ्रान्सची क्रांतिसेना ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात ऑस्ट्रिया आणि प्रशियाच्या फौजांशी झुंजत होती. जखमी सैनिकांच्या बाबतीत त्या काळच्या सैन्यात एक नियम होता आणि तो फारसा कुणाला वावगा वाटत नव्हता. शल्यचिकित्सक, हत्यारे आणि औषधपाणी घेऊन चालणाऱ्या अवजड गाड्यांनी लढाईच्या जागेपासून एक लीग, म्हणजे चारेक किलोमीटर, मागे थांबायचे. तोफा शांत झाल्या, मैदान कुणाचे ते ठरले, की मगच या गाड्या पुढे सरकत. चाळीस-चाळीस घोडे जुंपूनही त्या चिखलात रुतत, रस्त्यावरच्या गर्दीत अडकत. तोवर गोळी लागलेला, पाय तुटलेला सैनिक जेथे पडला तेथेच पडून राही. चोवीस तास, छत्तीस तास. सैन्याला माघार घ्यावी लागली तर तो शत्रूच्या हाती सापडे, नाहीतर रात्रीच्या थंडीत संपून जाई. ज्याच्या नशिबी गाडी येई त्याच्या जखमेत तोपर्यंत बहुधा सूज आणि सडण भरलेली असे.

हे दृश्य पाहणाऱ्यांत नुकताच सैन्यात दाखल झालेला सव्वीस वर्षांचा एक शल्यचिकित्सक होता. त्याच लढायांत त्याने आणखीही एक गोष्ट पाहिली. फ्रेंच सैन्यात त्या सुमारास घोडेस्वार तोफखाना नव्याने आला होता. हलक्या तोफा, त्यांना जुंपलेले चपळ घोडे आणि घोड्यावर बसलेले गोलंदाज. हुकूम मिळताच ही मंडळी वाऱ्यासारखी दौडत येत, तोफा डागत आणि तितक्याच वेगाने जागा बदलत. लोक त्याला उडता तोफखाना म्हणू लागले होते. माणसे मारणारी तोफ जर दौडत पुढे जाऊ शकते, तर माणसे वाचवणाऱ्याने चार किलोमीटर मागे का थांबायचे, असा प्रश्न त्या तरुणाला पडला. प्रश्न साधा होता, पण तो तोवर कुणी नेटाने विचारला नव्हता. दॉमिनिक जाँ लारे यांचे पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी पिरेनीज पर्वताच्या कुशीतल्या बोदेआँ या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी पोरके झालेला हा मुलगा तुलूझ शहरातल्या आपल्या काकांकडे गेला. काका अलेक्सी लारे हे तेथील नामवंत शल्यचिकित्सक. त्यांच्याच हाताखाली शस्त्रक्रियेचे धडे गिरवून लारे १७८७ मध्ये पॅरिसला आले आणि नौदलाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन न्यूफाउंडलंडकडे जाणाऱ्या जहाजावर शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाले. समुद्र काही त्यांना मानवला नाही. परत आल्यावर त्यांनी पॅरिसच्या ओतेल-द्यू या प्राचीन रुग्णालयात देझो यांच्यासारख्या कठोर गुरूकडे अध्ययन केले. राज्यक्रांतीचा भडका उडाला तेव्हा ते पॅरिसमध्येच होते. रस्त्यांवरच्या चकमकींतले जखमी रुग्णालयात कसे आणि किती उशिरा पोहोचतात, हे त्यांनी युद्धावर जाण्याआधीच पाहिले असणार.

ऱ्हाईनच्या आघाडीवर लारे यांनी आपली कल्पना सेनापती क्युस्तीनपुढे मांडली आणि आश्चर्य म्हणजे ती मान्य झाली. उडत्या तोफखान्याच्या धर्तीवर तिचे नाव पडले उडते इस्पितळ. आरंभी घोड्यांच्या पाठीवर दोहों बाजूंना पेट्या लटकवून पाहिल्या, पण जखमींना ते हाल सोसवेनात. मग गाडी आली. पुढे १७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेत, नेपोलियन बोनापार्टच्या हाताखाली, या इस्पितळाला पक्के रूप मिळाले. प्रत्येक तुकडीत बारा हलक्या गाड्या. त्यांतल्या आठ दोनचाकी आणि चार चारचाकी. दोनचाकीत दोन जखमी आडवे झोपत, चारचाकीत चार. गाडीचा साटा कमानींवर टांगलेला, म्हणजे खाचखळग्यांतून जाताना तुटलेल्या हाडाला हिसके बसू नयेत. आतल्या भिंतींना गादी, हवेसाठी लहान खिडक्या आणि तळाशी लहान चाकांवर सरकणारी गादीची फळी. जखमीला मैदानावरच फळीवर घ्यायचे आणि तशीच फळी आत ढकलायची. आज महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला की जी रुग्णवाहिका येते, तिच्या मागच्या दारातून आत सरकणारे स्ट्रेचर पाहिले तर त्या फळीची आठवण व्हावी.

गाडी दिसते म्हणून तिचेच कौतुक अधिक होते, पण लारे यांचे खरे काम माणसांची घडी बसवण्याचे होते. तीन तुकड्यांचे मिळून सुमारे ३४० लोकांचे हे पथक होते. त्यांत शल्यचिकित्सक आणि त्यांचे साहाय्यक होते, तसेच गाडीवान, नालबंद, खोगिरे दुरुस्त करणारे आणि हिशेब ठेवणारेही होते. घोड्याचा नाल निघाला तर जखमी मरतो, हे ज्याला उमजले त्यानेच नालबंदाला वैद्यकीय पथकात घेतले असते. शल्यचिकित्सक घोड्यावर असत आणि प्रत्येकाच्या खोगिरात पट्ट्या, हत्यारे आणि रक्त थोपवण्याची साधने ठेवलेली असत. लढाई चालू असतानाच त्यांनी पुढे जायचे, रक्त थांबवायचे, हाड स्थिर करायचे आणि जखमीला मागच्या शस्त्रक्रियेच्या जागी पोहोचवायचे. जखम झाल्यापासून पाव तासाच्या आत पहिला उपचार, हे लारे यांनी स्वतःपुढे ठेवलेले माप होते. दरवेळी ते साधले असे नाही. पण जेथे माप दिवसांत मोजले जात होते, तेथे मिनिटांची भाषा प्रथमच बोलली जाऊ लागली.

हा विचार एकट्या लारे यांनाच सुचला असे मात्र नाही. त्यांचे ज्येष्ठ समकालीन पेर्सी यांनीही शल्यचिकित्सकांना आघाडीवर नेण्यासाठी एक लांबट गाडी बनवली होती. घोड्यावर मांड टाकावी तसे साहाय्यक तिच्यावर ओळीने बसत. जखमींना उचलून आणणारे प्रशिक्षित वाहक असावेत, हा आग्रहही पेर्सी यांचाच. पेर्सी यांची गाडी शल्यचिकित्सकाला जखमीकडे नेत होती, तर लारे यांची गाडी जखमीला घेऊन परतही येत होती. एवढ्याशा फरकाने पुढच्या दोनशे वर्षांच्या रुग्णवाहिकेची दिशा ठरली.

इतक्या घाईची गरज काय, असे विचारणारे त्या काळी पुष्कळ होते आणि ते अडाणी नव्हते. गोळीने हाड चुरडले तर हात किंवा पाय कापावाच लागे; प्रश्न असा की लगेच कापावा की काही आठवडे थांबून. पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने १७५० च्या दशकात या विषयावर निबंध मागवले आणि पारितोषिक मिळाले ते थांबावे असे म्हणणाऱ्या फोर यांना. जखमेचा पहिला धक्का ओसरू द्यावा, रोग्याला शक्ती येऊ द्यावी, असा हा पक्ष होता. त्यात एक गोम होती. थांबण्याच्या काळात जे मरत, त्यांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या खाती लागतच नसे. उरत ते मुळातले धडधाकट.

लारे यांनी हा हिशेब उलटा मांडला. जखम होताच पहिल्या काही तासांत शरीर एक प्रकारे बधिर असते, रक्तवाहिन्या आकुंचित असतात, मांस अजून सुजलेले नसते. चोवीस तास उलटले की ताप चढतो, सूज येते, जखम सडू लागते आणि मग तीच शस्त्रक्रिया जिवावर बेतते. म्हणून चोवीस तासांच्या आत, जमल्यास पहिल्या काही तासांतच निर्णय घ्यायचा. जंतूंविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ ची आणि ईथरची भूल १८४६ ची, म्हणजे लारे यांच्या मृत्यूनंतरची. कारण अज्ञात असताना त्यांनी केवळ रोग्यांकडे पाहून आणि वेळ टिपून ठेवून अचूक निष्कर्ष काढला. भूल नसल्याने हाताचा वेग हीच रोग्यावरची दया होती आणि त्या वेगासाठी लारे साऱ्या युरोपात प्रसिद्ध होते. अवघड शस्त्रक्रियाही ते काही मिनिटांत उरकीत.

वेगाइतकीच महत्त्वाची होती निवड. शंभर जखमी एकाच वेळी समोर आले तर आधी कुणाला हात लावायचा? त्या काळचे उत्तर ठरलेले होते: आधी अधिकारी, मग शिपाई, आणि शत्रूचा माणूस उरला तर शेवटी. लारे यांनी ही उतरंड मोडली. ज्याची जखम सर्वांत धोक्याची तो पहिला, मग त्याच्या खांद्यावरचे चिन्ह कोणतेही असो आणि अंगरख्याचा रंग कोणताही असो. किरकोळ जखमींनी थांबावे, त्यांना घोडा असेल तर स्वतः मागच्या इस्पितळात जावे. आजच्या अपघात विभागांत रोग्यांची जी छाननी होते तिला जगभर ट्रायाज असा फ्रेंच शब्द आहे. तो शब्द वैद्यकात रुळला लारे यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आचरण मात्र त्यांच्या गाड्यांपाशी सुरू झाले होते.

इजिप्तच्या मोहिमेत, १७९८ ते १८०१ या काळात, घोड्यांच्या गाड्या वाळूत निरुपयोगी ठरल्या. लारे यांनी उंटांच्या दोहों बाजूंना माणूस लांब झोपू शकेल अशा पेट्या बसवल्या आणि उडते इस्पितळ वाळवंटातही चालू ठेवले. सीरियाच्या स्वारीत त्यांनी पाहिले, की माश्यांच्या अळ्या पडलेल्या जखमा घाण दिसत असल्या तरी लवकर भरून येतात, कारण अळ्या केवळ मेलेले मांस खातात. किळसाने हादरलेल्या सैनिकांची समजूत घालण्यात त्यांचा वेळ गेला. विसाव्या शतकात याच निरीक्षणाची वैद्यकाने पुन्हा दखल घेतली.

पूर्व प्रशियातील आयलाऊची लढाई फेब्रुवारी १८०७ मधली. पारा शून्याच्या कितीतरी खाली, बर्फाचे वादळ, हत्यारे धरायला साहाय्यकांची बोटे वळत नाहीत. अशा थंडीत कापलेल्या अवयवांच्या वेदना कमी होतात, हे लारे यांना तेथे जाणवले. लढाईच्या ऐन भरात रशियन तुकडी त्यांच्या इस्पितळाच्या दिशेने सरकली तेव्हा जखमींत पळापळ सुरू झाली. जे उठू शकत होते ते उठले, जे उठू शकत नव्हते ते ओरडू लागले. लारे यांनी हातातली शस्त्रक्रिया थांबवली नाही आणि आपण येथून हलणार नाही असे सर्वांना सांगितले. फ्रेंच घोडदळाने वेळीच हल्ला परतवला. लढाईनंतर नेपोलियनला लारे यांच्या कमरेला तलवार दिसली नाही. ती धामधुमीत चोरीस गेली होती. त्याने स्वतःची तलवार काढून त्यांना दिली.

याच आयलाऊच्या अनुभवातून लारे यांनी हिमदंशाविषयी एक सिद्धान्त मांडला. गोठलेले हातपाय घेऊन सैनिक शेकोटीला बसत आणि त्यांच्या अवयवांना सडण लागे, हे त्यांनी अचूक टिपले. त्यावर त्यांनी उपाय सांगितला तो गोठलेला भाग बर्फाने चोळून सावकाश ऊब देण्याचा. लारे यांच्या नावाचा दबदबा एवढा, की हा उपाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवला जात होता. प्रत्यक्षात तो अपायकारक निघाला. गोठलेल्या अवयवाला कोमट पाण्यात लवकर ऊब द्यावी आणि तो मुळीच चोळू नये, हे आज सर्वमान्य आहे. आणीबाणीत घाई करावी हे साऱ्या जगाला शिकवणाऱ्या माणसाने नेमके येथे सावकाशीचा सल्ला दिला, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

मे १८०९ मध्ये व्हिएन्नाजवळ आस्पर्न-एसलिंगच्या लढाईत डॅन्यूब नदीवरचा पूल वाहून गेला आणि हजारो जखमी लोबाऊ बेटावर अडकले. अन्न नाही, रसद नाही. लारे यांनी घोडे मारून त्यांच्या मांसाचे सूप करायला सांगितले. भांडी नव्हती, तेव्हा घोडेस्वारांची लोखंडी उरस्त्राणे उलटी करून चुलीवर चढवली. मीठ नव्हते म्हणून बंदुकीची दारू चवीला घातली. यांतले काही घोडे बड्या अधिकाऱ्यांचे होते. तक्रार थेट सम्राटापर्यंत गेली. जखमींसाठी आपल्या अधिकाऱ्यांचे घोडे कापण्याची हिंमत तुम्ही केलीत काय, असे विचारल्यावर लारे यांनी सरळ होय म्हटले. शिक्षा झाली नाही. उलट त्याच वर्षीच्या वाग्रामच्या लढाईनंतर त्यांना बॅरन हा किताब मिळाला.

पण आस्पर्न-एसलिंगनेच त्यांना एक कठीण क्षण दाखवला. त्यांचा स्नेही मार्शल लान याचे दोन्ही पाय तोफगोळ्याने चिरडले. शस्त्रक्रिया करावी की नाही याविषयी सोबतच्या शल्यचिकित्सकांत एकमत नव्हते. लारे यांनी डावा पाय कापण्याचा निर्णय घेतला आणि शस्त्रक्रिया दोनेक मिनिटांत पूर्ण केली. पहिले काही दिवस आशा वाटली, मग ताप आला आणि ३१ मे रोजी लान मरण पावला. निर्णय लवकर झाला, हात चुकला नाही, तरी माणूस गेला. या व्यवसायात असेही घडते, आणि लारे यांच्या आठवणींत या प्रसंगाची सल लपत नाही.

युद्धाबाहेरचाही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी या फ्रेंच सेनानीशी विवाह करून पॅरिसमध्ये राहात होत्या. त्यांच्या स्तनात गाठ आली. ३० सप्टेंबर १८११ रोजी त्यांच्या घरीच लारे यांनी भूल न देता संपूर्ण स्तन काढला. काळ्या पोशाखातले सात पुरुष खोलीत शिरल्यापासून शेवटचा टाका पडेपर्यंतचे वर्णन बर्नी यांनी काही महिन्यांनी आपल्या बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात केले आहे. रोग्याच्या बाजूने लिहिलेली शस्त्रक्रियेची इतकी तपशीलवार हकीकत त्या काळातली दुसरी क्वचितच सापडेल. शेवटी लारे यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगल्या.

पुढच्याच वर्षी रशियाची मोहीम निघाली. स्मोलेन्स्कमध्ये पट्ट्या संपल्या तेव्हा लारे यांनी तेथल्या दप्तरखान्यातले कागद जखमांवर बांधले आणि चर्मपत्रांच्या खपल्या हाडांना आधार म्हणून लावल्या. ७ सप्टेंबर १८१२ च्या बोरोदिनोच्या लढाईनंतर चोवीस तासांत त्यांनी सुमारे दोनशे अवयव कापले. ही संख्या पराक्रम म्हणून सांगितली जाते. सरासरी काढली तर दर सात मिनिटांना एक हात किंवा पाय, दिवसभर आणि रात्रभर. ज्या सम्राटाची महत्त्वाकांक्षा हे जखमी निर्माण करीत होती, त्याच्याविषयी लारे यांची निष्ठा कधी ढळली नाही. जखमी शिपाई आणि युद्ध पुकारणारा धनी यांच्यात काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्यांनी निदान लिखाणात तरी विचारला नाही. वेळेत पोहोचणे हेच त्यांचे एकमेव कर्तव्य. त्यांच्या थोरवीची मर्यादा शोधायची तर ती येथे आहे.

माघारीत नोव्हेंबर महिन्यात बेरेझिना नदीवरच्या पुलांपाशी चेंगराचेंगरी झाली. लारे पलीकडे पोहोचले होते, पण शस्त्रक्रियेचे सामान अलीकडे राहिले म्हणून ते पुन्हा मागे आले. परतताना जमावात सापडून ते चिरडले जाण्याच्या बेतात असताना कुणीतरी त्यांचे नाव उच्चारले. ज्या माणसांनी स्वतःच्या जिवासाठी एकमेकांना पाण्यात लोटले होते, त्याच माणसांनी लारे यांना उचलले आणि डोक्यांवरून हातोहात नदीपार पोहोचवले.

पण लारे यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तातडीची केस कापाकापीची नव्हती. मे १८१३ मध्ये सॅक्सनीतल्या लढायांनंतर हाताला, बोटांना जखमा झालेल्या तरुण सैनिकांची संख्या अचानक फुगली. ही पोरे नव्याने भरती केलेली, कित्येक विशीच्याही आतली. लढाई टाळण्यासाठी यांनी स्वतःवरच गोळ्या झाडल्या असा बड्या सेनाधिकाऱ्यांचा आरोप होता आणि त्यांत मार्शल सूल्त अग्रभागी होता. नेपोलियनचा विश्वास बसला. प्रत्येक विभागातून काही जणांना गोळ्या घालून जरब बसवण्याचा बेत ठरला. लारे यांनी हरकत घेतली, तेव्हा सम्राट संतापला आणि तपासणी करून अहवाल आणा म्हणून त्यांना बाहेर घालवले.

लारे यांनी ड्रेस्डेनजवळ शल्यचिकित्सकांचे मंडळ बसवले आणि २,६३२ सैनिकांचा एकेक हात तपासला. घाई करावी म्हणून त्यांच्यावर दडपण येत होते. एरवी मिनिटांत निर्णय घेणारा हा माणूस या वेळी मात्र हटून बसला आणि शेवटचा हात तपासून होईपर्यंत त्याने अहवाल दिला नाही. निष्कर्ष असा होता, की जाणूनबुजून जखम करून घेतल्याचा पुरावा एकाच्याही बाबतीत नाही. अननुभवी सैनिक एकामागे एक तीन रांगांत उभे राहून गोळ्या झाडत होते. मागच्यांच्या बंदुकांनी पुढच्यांचे हात जखमी होत होते. शिवाय चढावरून हल्ला करताना बंदूक उगारलेले हात वरून येणाऱ्या गोळ्यांच्या नेमके समोर येत. नेपोलियन अहवाल वाचत येरझारा घालत राहिला. त्याने लारे यांना निरोप दिला तो थंडपणे. पण त्याच रात्री हिरेजडित चौकटीतले स्वतःचे चित्र, सोन्याची नाणी आणि ३,००० फ्रँकच्या वार्षिक निवृत्तिवेतनाचा हुकूम त्यांच्याकडे पाठवला. त्या पोरांपैकी कुणालाही गोळी घातली गेली नाही.

वॉटर्लूवर, १८ जून १८१५ रोजी, लारे जखमी झाले आणि प्रशियन सैनिकांच्या हाती सापडले. अंगावरचा करडा कोट आणि ठेंगणी, स्थूल आकृती यांमुळे ते नेपोलियनच आहेत असा प्रथम समज झाला. तो दूर होताच चिडलेल्या अधिकाऱ्याने त्यांना गोळी घालण्याचा हुकूम दिला. डोळ्यांवर पट्टी बांधायला आलेल्या प्रशियन शल्यचिकित्सकाने त्यांना ओळखले. काही वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये त्याने लारे यांची व्याख्याने ऐकली होती. प्रकरण सेनापती ब्ल्यूशरपर्यंत गेले. ब्ल्यूशरच्या मुलाचा जीव एकेकाळी, तो जखमी होऊन फ्रेंचांच्या कैदेत असताना, लारे यांनीच वाचवला होता. जेवण, कपडे आणि सोबतीला पहारा देऊन त्यांना सन्मानाने सोडण्यात आले.

नेपोलियन गेला, बूर्बाँ राजे परत आले आणि लारे यांचे निवृत्तिवेतन बंद झाले; ते काही वर्षांनी पुन्हा सुरू झाले. सेंट हेलेनावर १८२१ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात नेपोलियनने त्यांच्या नावे एक लाख फ्रँक ठेवले आणि आपल्या पाहण्यातला सर्वांत सद्गुणी माणूस अशी त्यांची नोंद केली. लारे यांनी आपल्या मोहिमांच्या आठवणी कित्येक खंडांत लिहून काढल्या, रुग्णालयांत शिकवले. १८३० च्या उठावात संतप्त जमाव ते काम करीत असलेल्या लष्करी रुग्णालयावर चालून आला तेव्हा चौसष्ट वर्षांचे लारे दारात उभे राहिले आणि आतले जखमी आता आपले आहेत असे सांगून त्यांनी जमावाला परत पाठवले.

१८४२ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, अल्जीरियातल्या लष्करी रुग्णालयांची पाहणी करायला ते गेले. सोबत मुलगा इपोलित होता. तोही लष्करी शल्यचिकित्सक. परतीच्या प्रवासात लारे यांना फुप्फुसांचा विकार जडला. घरी पत्नी शार्लोत आजारी होत्या. चित्रकार दाव्हिद यांच्या या शिष्येशी लारे यांचा विवाह १७९४ मध्ये झाला होता, आणि त्या संसाराचा मोठा भाग एकमेकांना पत्रे लिहिण्यातच गेला होता. २२ जुलै रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले. लारे लियाँपर्यंतच पोहोचू शकले होते. तेथेच २५ जुलै रोजी त्यांनीही देह ठेवला.

आपल्याला अँव्हालिदच्या आवारात, जखमी सैनिकांच्या सान्निध्यात, चिरविश्रांती मिळावी ही त्यांची इच्छा होती. तेव्हा युद्धमंत्रिपदी सॅक्सनीतल्या त्या पोरांवर आरोप करणारे मार्शल सूल्त होते. परवानगी मिळाली नाही आणि लारे यांचे दफन पेर लाशेझ दफनभूमीत झाले. डिसेंबर १९९२ मध्ये, दीडशे वर्षांनी, त्यांच्या अस्थी अँव्हालिदमध्ये हलवण्यात आल्या.